सहा सेकंदांची लाट

सोमवार, २७ मे

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, कारण आज डॉक्टरबाईंनी विद्यापीठातल्या पाहुण्यांना "ही आमची सरावाची नळी" असं सांगितलं. आमची!

तर, नळी: फुटक्या पाण्याच्या टाकीचं फायबर कापून केलेली, आतला व्यास बरोबर साठ सेंटिमीटर, तळमजल्यावरच्या खऱ्या एमआरआय यंत्राइतकाच. पोरांनी आडवं व्हायची फळी: लॉरेलचं लाकूड, कपाटाच्या खणांच्या रुळांवर सरकते, कुरकुर नाही. डोक्याभोवतीचा पिंजरा: मोटरसायकलच्या हेल्मेटमधून कापला, कडा कानशीने घासल्या. आरसा, पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे पडल्या पडल्या पायांकडच्या पडद्यावरचा सिनेमा दिसतो. ठकठक: खऱ्या यंत्राचे चौदा प्रकारचे आवाज मी स्वतः टेप केले. सुई: पोराच्या कपाळाला चिकटपट्टी, पट्टीला दोरा, दोऱ्याला पितळी तरफ; डोकं एक मिलिमीटर हललं की सुई दोन सेंटिमीटर सरकते आणि लाल खुणेपलीकडे गेली की सिनेमा बंद. आणि मार्चपासून श्वासाची फीत, माझ्याच आवाजात: तीन मोजेपर्यंत आत, पोट फुगेपर्यंत, मग तीन मोजेपर्यंत बाहेर. ही शेवटची गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. वेळ आली की सांगेन.

पाचवी नापास, वय त्रेपन्न. पदवीवाल्यांपैकी एकाने यातली एक वस्तू करून दाखवावी.

एडीएचडी असलेल्या पोरांच्या मेंदूची चित्रं काढायची आणि त्या आजाराचे प्रकार खरंच वेगवेगळे आहेत का ते बघायचं, असं हे काम आहे. काहींचं लक्ष भटकतं पण अंग शांत असतं, काहींचं अंगच थांबत नाही, काहींचं दोन्ही. यंत्रात बारा मिनिटं निश्चल पडावं लागतं, नाहीतर चित्र फसतं. म्हणून आधी तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे सराव. आजवर सत्तेचाळीस पोरं शिकवली.

आज संध्याकाळी दारावर यादी लागली. तेरा पोरं बाद. कारण: डोक्याची हालचाल मर्यादेबाहेर. त्यात मार्योरी आहे. मार्योरी! चार वेळा माझ्या नळीत बारा बारा मिनिटं पडली, सुई जागची हलली नाही. आणि खाली जाऊन ती हलली म्हणे.

माझी सुई खोटं बोलत नाही.

बुधवार, २९ मे

मार्योरीची आई नूबिया आली. कॉफीच्या गिरणीत दाणे निवडते, पोटावरचा एप्रन तसाच होता. मार्योरी नऊ वर्षांची. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिने माझ्या स्टुलाचे दोन स्क्रू नखांनी सैल करून ठेवले.

"उस्ताद, पोर हलली म्हणून काढली म्हणतात."

"मी चौकशी करतोय."

"हलते म्हणूनच आणली होती ना इथे? की मी चुकून दुसऱ्या दारात शिरले?"

"नूबियाबाई, ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये. गिरणीत यंत्राच्या आवाजात बोलायची सवय आहे. ओरडले की कळेल तुम्हाला."

तिचा राग बरोबर आहे. चित्र पास झालं तरच दुसऱ्या टप्प्यात नाव: दोन वर्षं औषध, दर आठवड्याला समुपदेशन, शाळेला पत्र. मार्योरीच्या मुख्याध्यापिकेने सांगितलंय, सुट्टीनंतर आठ जुलैला पोरगी उपचाराखाली असल्याचं पत्र आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा. पहिल्या दोन शाळांनी आधीच हेच सांगितलंय. मनिसालेस शहरात शाळा काय झाडाला लागतात?

जाताना मार्योरी म्हणाली, "नळीवाले काका, मी खरंच हलले नाही. नाकाला खाज आली होती तरी."

शुक्रवार, ३१ मे

डॉक्टरबाईंशी भांडलो. हिमेना एचेवेरी, वय एकेचाळीस, तीन पदव्या, तिन्ही भिंतीवर. मी उभाच राहिलो.

"डॉक्टरबाई, ज्या पोरांचं अंग थांबत नाही त्यांचा अभ्यास करायचा, आणि अंग हललं की बाहेर काढायचं? वादळ मोजायला बसलात आणि वारा सुटला की खिडकी लावता."

"उस्ताद, बसा."

"बसत नाही."

"हललेलं चित्र हे आजारी मेंदूच्या चित्रासारखं दिसतं. मी ते ठेवलं तर मला फरक सापडेल, पण तो मेंदूतला नसेल, मानेतला असेल. अशा चुका पूर्वी लोकांनी केल्यात, छापल्याही आहेत. म्हणून सरासरी अर्धा मिलिमीटर ही रेषा मी पहिलं पोर यायच्या आधी लिहून दिली."

"रेषा कुणी आखली? माणसानेच ना?"

"हो. आणि कोण तिच्यावरून पडतंय ते बघून हलवायची नाही, हेही त्याच माणसाने लिहून दिलंय. अठ्ठावीस जूनला यादी कायमची बंद होते."

बोलते मऊ, पण तसूभर सरकत नाही. शेवटी एवढंच मिळालं: बाद पोरांच्या हालचालीचे आलेख, नावं झाकून. मला त्यातलं काय कळणार, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. निदान मला तरी दिसलं.

रविवार, २ जून

सकाळी आठपासून आलेख. प्रत्येक पोराच्या सहा रेघा: डोकं पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे सरकलं का, या तीन, आणि वळलं का, याच्या तीन. व्हर्नियर काढला, एकेक शिखर मोजलं. दुपारी केव्हातरी जळका वास आला.

"आर्से! मी चर्चमध्ये मिसाला जाताना काय सांगितलं होतं?"

"ऐकलं नाही, ताई."

"तू 'हो' म्हणालास."

"म्हणालो असेन."

"हे चौथं भांडं. राजमा बघायला सांगितला तर हा कागद बघत बसला. आई तुला खुर्चीला बांधून जेवू घालायची ते काही उगाच नाही. त्या नळीत आधी तुलाच घालायला हवं होतं."

ओफेलिया माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त शिकली, त्यामुळे तिला सगळ्यातलं सगळं कळतं.

पण ते जाऊ दे. खरी गोष्ट अशी: तेरापैकी अकरा पोरांच्या आलेखात एकच रेघ वरखाली होते, पुढेमागेवाली. बाकीच्या पाच जवळजवळ सपाट. आता, ज्याने कधी पोर पाहिलंय त्याने सांगावं, पोर वळवळलं तर एकाच दिशेला वळवळेल का? आणि लाट कशी, तर शिखरापासून शिखरापर्यंत सहा सेकंद. सगळीकडे सहा. एका ठिकाणी सहा पूर्णांक एक.

पोरं इतकी नियमित नसतात. यंत्रं असतात. दोष खालच्या यंत्रात आहे: थंड करणाऱ्या पंपाचा धक्का बसत असणार. पोरांना बाद करायच्या आधी कुणी यंत्र उघडून बघितलं का? नाही! पोर गरीब, यंत्र महाग, मग खोटं कोण बोलणार? पोर.

संध्याकाळी ओफेलियाने बाहेरून मक्याच्या अरेपा आणल्या, चीज घालून. चार खाल्ल्या. आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय.

गुरुवार, ६ जून

सगळं क्रमाने लिहितो.

यंत्र चालवणारा दुवान रिओस माझं ऐकतो. सकाळी साडेपाचला, पहिला रुग्ण यायच्या आत, आम्ही तळमजल्यावर. चाचणीची बाटली असते एक, कलिंगडाएवढी, आत मिठाचं पाणी. ती डोक्याच्या पिंजऱ्यात ठेवली आणि बारा मिनिटं चित्रं काढली. पंपाचा धक्का असेल तर बाटलीच्या आलेखात लाट येणार.

सपाट. सहाच्या सहा रेघा मेलेल्या.

"पंप निर्दोष, उस्ताद," दुवान म्हणाला. मला तो शब्द आवडला नाही.

मग मी स्वतः पडलो. माझा आलेख अगदीच निरुपयोगी निघाला, सहाही रेघा केसांच्या गुंत्यासारख्या. दुवान म्हणाला, "उस्ताद, मर्यादा अर्धा मिलिमीटर. तुम्ही पावणेतीन." यंत्र गरम झालं असावं. शिवाय फळी माझ्या खांद्यांना अरुंद आहे, ते मी आधीच सांगितलं होतं.

मग दुवान पडला आणि मी बटणं दाबली. नुसता पडला: रेघा बारीक, सरळ. मग मी म्हटलं, पोरांसारखं पड, आणि सवयीने खिशातली फीत लावली. तीन आत, तीन बाहेर.

पडद्यावर लाट उमटली. पुढेमागेची एकच रेघ. मी शिखरं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

दुवान बाहेर येऊन पडद्याकडे बघत राहिला. "तीन आणि तीन, उस्ताद."

"मला बेरीज येते."

"छातीत हवा भरली की चुंबकाचं क्षेत्र किंचित बदलतं, असं कॉलेजात सांगितलं होतं. डोकं जागच्या जागी असतं, चित्र सरकतं. संथ श्वासाने एवढं सरकेल असं नव्हतं वाटलं."

"डोकंच हललं असेल तुझं. खात्री कशावरून?"

म्हणून शेवटची चाचणी केली. ती माझी कल्पना, दुवानची नव्हे, नोंद असावी. बाटली डोक्याच्या जागी पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंनी गाद्या ठोकून. तिला लागून खालच्या बाजूला, मान वाकडी करून, दुवानची छाती शक्य तितकी आत. डोकं बाटलीचं, श्वास दुवानचा. फीत चालू.

बाटली हलली. लाट लहान होती, पण होती. सहा सेकंद.

दुवान आतून ओरडला, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "बाहेर ये, रुग्ण आलेत." रुग्ण आले नव्हते.

शनिवार, ८ जून

काही नाही.

सोमवार, १० जून

बाटली काखेत मारून डॉक्टरबाईंकडे गेलो. टेबलावर, त्यांच्या कागदांवरच ठेवली.

"ही तुमची नवी रुग्ण. वय माहीत नाही. एका जागी बसत नाही. तुमच्या नियमाप्रमाणे हिलाही एडीएचडी आहे."

त्यांना हसू आलं. मग आलेख बघितले आणि हसू गेलं. उठून दार लावलं, पुन्हा बघितले.

"उस्ताद, हे कुणी केलं? ही चाचणी?"

"मी. दुवान आडवा पडला."

"फार चांगलं काम आहे."

 वीस वर्षांत कुणी हे वाक्य म्हटलं असेल तर मला आठवत नाही.

"मग श्वासाची लाट गाळून टाका आणि पोरांना आत घ्या," मी म्हटलं.

"नाही करता येणार. कोण बाद झालंय ते मला माहीत आहे. आता गाळणी लावली तर मी हवी ती पोरं निवडली असंच होईल." मग नियमावली काढली. चौदावं पान. "इथे लिहिलंय, सरावात मुलाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. ही पोरं असा श्वास घ्यायला शिकली कुठे? सराव नियमाबाहेर झाला असेल आणि तसं कुणी लेखी दिलं, तर अभ्यासावर देखरेख ठेवणारी समिती त्यांची चित्रं पुन्हा काढू देईल. तो वेगळा मार्ग आहे, सरळ आहे. कुणी शिकवलं, उस्ताद?"

मी म्हटलं, "शोधावं लागेल."

हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शोधा. समिती एकोणीसला बसते."

गुरुवार, १३ जून

जुन्या वह्या काढल्या. फीत पहिल्यांदा लावली चार मार्चला. त्याआधी पंचवीस पोरं शिकवली, दोन बाद. त्यानंतर बावीस, अकरा बाद. जी पोरं मन लावून शिकली ती पडली. ज्यांनी माझं ऐकलं नाही ती पास!

हे वाक्य लिहिल्यावर उठून अंगणात गेलो आणि एक चांगली, सरळ रेषांची फळी कुऱ्हाडीने तोडली. ओफेलिया खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही, म्हणजे तिलाही कळलंय.

सांगितलं का नाही मार्चमध्ये? कारण सुई केली तेव्हा डॉक्टरबाईंच्या हाताखालची एक तरुण मानसशास्त्रज्ञ हसली होती. "उस्तादांचा वजनकाटा." म्हणून ठरवलं, ही युक्ती आधी सिद्ध होऊ दे, पन्नास पोरं पास होऊ देत, मग सगळ्यांसमोर सांगू. पाचवी नापास माणसाची युक्ती.

युक्ती कुठून आली तेही लिहितो. तिसरीत मास्तर मला पट्ट्याने बाकाला बांधत. सकाळभर. सुटायची धडपड केली की पट्टा आवळे, म्हणून मी मोजायला लागलो: तीन आत, तीन बाहेर. त्याने अंग शांत पडायचं आणि मास्तरला वाटायचं पोरगं सुधारलं. मला काही आजार वगैरे नव्हता. खिडकीबाहेर जास्त महत्त्वाचं काहीतरी चाललेलं असे, इतकंच.

पंचेचाळीस वर्षं ही युक्ती माझ्या उपयोगी पडली. आता तीच चौदाव्या पानाच्या विरुद्ध आहे.

सोमवार, १७ जून

नूबियाला गिरणीतून दुपारची सुट्टी मिळाली, म्हणून पोरीला घेऊन पुन्हा आली. आल्या आल्या उत्तर मागितलं, मी उद्याचं सांगितलं. "नंतर सांगतो, उद्या सांगतो, असं तुम्हीही म्हणायला लागलात की काय? तुम्ही तर आमच्यातले ना?"

आम्ही बोलत असताना मार्योरी न विचारता नळीत शिरली. "काका, बघा." चिकटपट्टी स्वतःच कपाळाला लावली. मी सुई बघत राहिलो. सुई मेल्यासारखी निश्चल. पोट मात्र वर, खाली, वर, खाली.

"रोज जेवणाच्या टेबलाखाली करते," नूबिया म्हणाली. "रात्री वीस मिनिटं, सकाळी वीस. भावाला शेजारी बसवून मोजायला लावते. म्हणते, काकांसारखं केलं की पुढच्या वेळी घेतील."

मार्योरी आतून म्हणाली, "आता तर चारापर्यंत जमतं!"

जितका सराव जास्त, तितकी लाट मोठी. ही पोरगी टेबलाखाली पडून स्वतःला बाद करायची तालीम करतेय, आणि तालमीचा मास्तर मी. मी एवढ्या जोरात "बाहेर ये" म्हटलं की ती दचकली आणि तिचं डोकं पिंजऱ्यावर आपटलं. नूबियाने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

सोडून देण्यासारखं नाही हे. उद्या लिहितो कागद.

मंगळवार, १८ जून

पाच वेळा लिहिला. पहिल्या चार वेळी कागदात कारणंच जास्त होती. ओफेलियाने खोडून खोडून चार वाक्यं ठेवली:

"चार मार्चपासून मी मुलांना सरावाच्या वेळी तीन मोजून श्वास आत आणि तीन मोजून बाहेर घ्यायला शिकवलं. हे नियमावलीत नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. दहा जूनला डॉक्टर एचेवेरींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

"शेवटचं वाक्य नको," मी म्हटलं.

"ते असू दे," ओफेलिया म्हणाली. "त्याच्यामुळे बाकीची तीन खरी वाटतात."

डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. "मला माहीत होतं," म्हणाल्या. "दुवानने नाही सांगितलं. फितीवरचा आवाज जिन्यापर्यंत येतो, उस्ताद."

"मग तुम्हीच का नाही लिहिलंत?"

"मी लिहिलं असतं तर तो आरोप झाला असता. समिती दोन महिने चौकशी करत बसली असती, आणि यादी दहा दिवसांत बंद होते. तुमच्या सहीने उद्याच निकाल लागेल." कागद फायलीत ठेवला. "आजपासून मुलांना सराव तुम्ही द्यायचा नाही. नळीची देखभाल तुमची, शिकवणं नाही. तुम्ही माझं अर्धं वर्ष बुडवलंत आणि वाचवलंतही. आज मला फक्त पहिलं आठवतंय. दुसरं आठवेल तेव्हा मी येऊन सांगेन."

घरी येऊन फळीच्या रुळांना तेल घालायचे ब्रश धुतले. सगळे.

बुधवार, २६ जून

समितीने परवानगी दिली. कालपासून अकरा पोरांची पुन्हा पाळी. त्यांना आता माझं शिकवणं विसरायला शिकवतायत: सिनेमातल्या कुत्र्याचे ठिपके मोजा, श्वासाकडे बघू नका. शिकवते कोण, तर तीच, वजनकाटावाली. आज तिने सुईला नवा दोरा मागितला. दिला. मेणाचा.

मार्योरी दहा वाजता आत गेली. मला आत जायला बंदी, म्हणून जिन्यावर बसलो. बसलो म्हणजे, नूबियाच्या सांगण्याप्रमाणे, चौदा वेळा उठलो.

"उस्ताद, पोर आत आहे, तुम्ही का नाचताय?"

"पाय आखडले."

"हं."

साडेदहाला दुवान बाहेर आला, दोन्ही हातांची चार-चार बोटं दाखवत. मला काही कळेना. "अरे तोंडाने बोल!"

"शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. पास."

नूबियाने एप्रनने तोंड झाकलं. मग लगेच म्हणाली, "चित्र द्या मला. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आपटते. बघा म्हणावं, कुठल्या प्रकारचा आजार आहे ते, रंगीत."

डॉक्टरबाई मागेच होत्या. "नूबियाबाई, पत्र देते, चित्र नाही. एकट्या मार्योरीच्या चित्रावरून मला काहीही सांगता येत नाही. तिला आजार आहे हेसुद्धा नाही. कदाचित शंभर पोरांची एकत्र ठेवली तर कुठे रेषा दिसेल. कदाचित नाहीच दिसणार."

मी भडकलो. मग एवढं सगळं कशासाठी? पण नूबियाच मान हलवत म्हणाली, "म्हणजे दाण्यासारखं. एक दाणा बघून पोत्याचा भाव कुणी सांगायला लागला तर त्याला आम्ही गिरणीत उभं करत नाही."

डॉक्टरबाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझं बाटलीचं वाक्य लिहून घेतलं नव्हतं.

अकरापैकी नऊ पास. दोन पोरं खरंच हलली, सहाही रेघांत. ती बाहेर, आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लिहिणार म्हणतात. अर्ज! माझा राग गेलेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

मंगळवार, ९ जुलै

मार्योरीला वर्गात घेतलं. पहिल्या बाकावर, बाईंच्या हाताशी. "बांधलं नाही ना?" मी नूबियाला विचारलं. ती म्हणाली, "कशाने बांधतील?" बरोबर आहे. जमाना बदललाय.

शुक्रवार, १२ जुलै

आज घरी एक माणूस आला. वाल्देरामा नावाचा, बोगोटाच्या एका खासगी कंपनीचा, जोडे इतके चकचकीत की ओफेलियाने त्याला पुढच्या खोलीतच बसवलं. नळीबद्दल त्याला कुठल्याशा परिषदेत कळलं होतं. त्याने कॉफीत तीन चमचे साखर घातली आणि ढवळत राहिला.

त्यांची दवाखान्यांची साखळी आहे. आईबाप पोराला आणतात, एक चित्र काढतात, तासाभरात रंगीत अहवाल: तुमच्या मुलाचा प्रकार अमुक, औषध तमुक.

"एका चित्रावरून?" मी विचारलं.

"पालकांना एकच मूल असतं, उस्ताद." आणि हसला.

त्यांना नळी हवी, प्रत्येक शहरात एक. आणि फीत हवी. फीत तर हवीच. "पोर कसं लगेच शांत दिसतं! आई काचेतून बघते आणि रडते. आम्ही तिला 'पातिन्यो पद्धत' म्हणू. दारावर तुमचं आडनाव, पितळी अक्षरांत."

पितळी अक्षरं. मी कुणाला सांगणार नाही, पण क्षणभर मी ती अक्षरं किती मिलिमीटर जाड असावीत याचा विचार केला.

मग म्हटलं, "त्या श्वासाने चित्र सरकतं. पोर हललं असं दिसतं. मी लेखी दिलंय तसं."

"ते आम्ही वाचलं. काही अडचण नाही. आमच्याकडे त्या रेघा कुणी काढतच नाही."

ओफेलिया दारात उभी होती.  मी त्या माणसाला विचारलं, की सरकलेलं चित्र आजारी मेंदूसारखं दिसतं हे तुम्हाला माहीत आहे का. तो म्हणाला, माहीत आहे. म्हणाला, म्हणूनच तर कुणी रिकाम्या हाताने घरी जात नाही.

मी त्याचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला आणि दार उघडून उभा राहिलो. जाताना त्याने कागद टेबलावर ठेवला, विचार करा म्हणून. केला नाही. कागद जाळायच्या आधी अचूक नोंद करतो, कारण उद्या कुणी म्हणेल की मला कधी कुणी विचारलंच नव्हतं: नळीचा आराखडा, माझा आवाज आणि माझं आडनाव, पाच वर्षांसाठी, रक्कम एकरकमी, सहीच्या दिवशी, सहा कोटी चाळीस लाख पेसो.